तुम्ही विचारलंत म्हणून: यूल 21 डिसेंबरला का नाही?

यूल म्हणजे उत्तर युरोपातला ख्रिस्ती धर्माच्या आधीचा हिवाळी सण, आणि 21 डिसेंबर म्हणजे हिवाळी अयन, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. दर डिसेंबरात हा प्रश्न येतो. अर्धे विचारणारे पुण्या-साताऱ्याचे नातेवाईक, अर्धे इथले स्वीडिश शेजारी: "तुम्ही ते जुन्या देवांचं यूल करता ना, मग ते 21 डिसेंबरला का नाही करत? आणि पौर्णिमेलाच करायचं तर डिसेंबरची का नाही, जानेवारीची का?" तोंडी उत्तर देता देता चहा गार होतो, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

मी स्वीडनमधल्या उप्सालात राहते, आमचा आठ-नऊ जणांचा ग्रुप आहे आणि आम्ही वर्षातून तीन-चार वेळा ब्लोट करतो. ब्लोट म्हणजे देवांना आणि पूर्वजांना मान देणं. मधाची दारू भरलेलं शिंग हातोहात फिरतं, प्रत्येक जण चार शब्द बोलतो, घोटभर पितो, उरलेलं जमिनीला. सफरचंद, ओट्स, भाकरी ठेवायची. एवढंच.

आता तारखेचं. आज जगभर बहुतेक पेगन लोक, म्हणजे असे जुने देव मानणारे, वर्षाचे आठ सण करतात, दोन अयनं (सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस), दोन संपात (दिवस-रात्र सारखे) आणि त्यांच्या मधले चार, त्याला वर्षाचं चाक म्हणतात. हे चाक या रूपात 1950 च्या सुमारास ब्रिटनमध्ये जुळवलं गेलं, नवे पेगन पंथ चालवणाऱ्या जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकल्स यांच्या आसपासच्या मंडळींनी. ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, कित्येकांच्या आयुष्याला त्याने वळण दिलंय. पण स्कँडिनेव्हियात जुनी माणसं काळ मोजायची तो चंद्रावर, आणि मला ते चंद्राचं मोजणंच हवं आहे.

का हवं, तर साधी गोष्ट बघा. 21 डिसेंबर डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्या आगेमागे पाच-सहा दिवस दिवसाची लांबी जेमतेम दोन-तीन मिनिटांनी हलते, त्यात इथलं आभाळ डिसेंबरभर राखाडी, सूर्य दुपारी झाडांच्या शेंड्यांपर्यंत येतो आणि खाली बसतो, म्हणजे आज अयन झालं हे मला फोन सांगतो, आकाश नाही सांगत. चंद्राचं तसं नाही, तो वाढताना दिसतो. कोर दिसली की सगळ्यांना मेसेज जातो, मग अर्धा, मग घरात पिठं मळायला लागतात, आणि सण आधी दहा-बारा दिवस अंगात भिनत जातो. माझी आजी संकष्टीला गच्चीवर जाऊन चंद्र बघितल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही, कालनिर्णयात वेळ छापलेली असली तरी. तिला वेळ नको होती, चंद्र हवा होता.

जुने पुरावे आहेत का, हा पुढचा प्रश्न असतोच. आहेत, थोडेच पण एकमेकांना धरून आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. 98 मध्ये जर्मन टोळ्यांबद्दल लिहिलंय की त्यांच्या सभा अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला भरतात आणि ते दिवस नाही, रात्री मोजतात. इंग्लंडमध्ये बीड नावाच्या साधूने 725 मध्ये जुन्या इंग्लिश महिन्यांची नावं दिली, ते चंद्राचे महिने, दोन महिन्यांचं नाव एकच, गिउली, म्हणजे आपलं यूल, एक हिवाळी अयनाच्या आधीचा आणि एक नंतरचा. डेन्मार्कच्या लाय्र गावात दर नऊ वर्षांनी मोठा बळी व्हायचा तो जानेवारीत, असं थिएटमार या जर्मन बिशपने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलंय. आणि नॉर्वेचा राजा होकोन, जो ख्रिस्ती होऊन परतला होता, त्याने कायदाच केला की इथून पुढे यूल ख्रिसमसच्या वेळी सुरू करायचं, हे आइसलंडच्या स्नोरी या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. म्हणजे आधी ते तेव्हा नव्हतं, नाहीतर हलवायचं कशाला?

अभ्यासक हे सगळं एकत्र ठेवून नियम मांडतात (आन्द्रेआस नोर्डबेरी यांचं 2006 चं काम मी सगळ्यात जास्त मानते): हिवाळी अयनानंतर जी पहिली अमावास्या येईल, तिच्यापुढची पौर्णिमा म्हणजे यूल. त्याच्यापुढची पौर्णिमा डिस्टिंग, तो उप्सालाचा जुना सण आणि बाजार, आणि डिस्टिंगचा बाजार अजूनही फेब्रुवारीत इथे भरतो, फक्त आता त्याचा चंद्राशी संबंध उरलेला नाही. पौर्णिमाच का, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं, पुस्तकातून नाही कळलं. हिवाळ्यात गोठलेली तळी आणि नद्या हेच रस्ते, लांबून माणसं घसरगाडीवर यायची, आणि अठरा तासांच्या काळोखात चंद्र हाच कंदील.

13 जानेवारी 2025 चं यूल सांगते. 30 डिसेंबरला अमावास्या झाली होती म्हणून हिशोब सोपा होता. सोमवार होता, सगळे कामावरून थेट आले. गामला उप्सालात सहाव्या शतकातले तीन मोठे दफनढिगारे आहेत ओळीने, बाजूला चर्च, आम्ही ढिगाऱ्यांवर चढत नाही, खालच्या मोकळ्या जागेत उभे राहतो. ढग होते. पाऊण तास नुसते उभे, कोणी काही बोलेना, आमच्यातल्या रिटायर्ड नर्सबाई शिंग कोटाच्या आत धरून उभ्या की म्हणे गोठायला नको. आणि मग ढग फाटले तर चंद्र इतका वर की मान मागे टाकावी लागली, आणि त्याला खेटून लालसर मंगळ. हिवाळ्यातली पौर्णिमा सूर्याच्या बरोबर समोर असते ना, त्यामुळे दुपारचा सूर्य जिथे आठ-नऊ अंशांवर घुटमळतो तिथे रात्री चंद्र पन्नास अंशांच्याही वर जातो. ढिगाऱ्यांच्या सावल्या पडल्या होत्या गवतावर, दिवसा पडत नाहीत इतक्या स्पष्ट. नर्सबाईंनी शिंग वर धरलं आणि त्यांच्या हातमोज्यावर सांडलेली मधाची दारू चमकली, ते अजून डोळ्यासमोर आहे.

घरी येऊन आईला फोन केला तर तिकडे मध्यरात्र उलटलेली, ती जागीच, म्हणाली अगं आज शाकंभरी पौर्णिमा आणि भोगीपण, बाजरीची भाकरी केली होती, उद्या संक्रांत. एकाच दिवशी चंद्राचा सण आणि सूर्याच्या सणाची आदली संध्याकाळ. मी फोनवर बराच वेळ गप्प होते.

पण सरळ नसतं नेहमी. 2026 च्या यूलवरून आमच्यात चांगलं वाजलं. अमावास्या 20 डिसेंबर 2025 ला आली, अयन 21 ला, म्हणजे एका दिवसाने हुकलं. नियम धरला तर पुढची अमावास्या 18 जानेवारी आणि यूल थेट 1 फेब्रुवारीला. दुसरी एक जुनी स्वीडिश रीत आहे, 6 जानेवारीला आकाशात असेल तो यूलचा चंद्र, ती धरली तर 3 जानेवारी, आणि तो शनिवार, सगळ्यांना सुट्टी. दोघांनी 3 ला घरी केलं, बाकी आम्ही थांबलो. मी थांबण्याच्या बाजूने होते, अजूनही आहे, कारण सुट्टी बघून चंद्र निवडायचा तर मग 21 डिसेंबर काय वाईट होता.

मराठी माणसाला हे पटकन कळतं, स्वीडिश मित्रांना समजवायला मला अधिक महिनाच सांगावा लागतो. बारा चांद्रमास म्हणजे 354 दिवस, दरवर्षी अकरा दिवस मागे पडायचं, दोन-तीन वर्षांनी एक महिना घालून भरून काढायचं. 13 जानेवारी 2025 ते 1 फेब्रुवारी 2026 मोजा, 384 दिवस, तेरा चंद्र. बीड सांगतो की असा जादा महिना इंग्लिश लोक उन्हाळ्यात घालायचे, त्या वर्षी लिथा नावाचे महिने दोनाचे तीन व्हायचे. आपल्याकडे तो संक्रांत, म्हणजे सूर्याचं रास बदलणं, नसलेल्या महिन्यावरून ठरतो, म्हणून 2026 ला अधिक ज्येष्ठ. मोजमाप वेगळं, पण अडचण तीच आणि तोडगाही तोच, आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांनी तो आकाशाकडे बघूनच काढला. मी उप्सालात परकी नाही वाटत त्याचं एक कारण हे आहे, हे मी पहिल्यांदाच कुठे लिहितेय.

पुढच्या वेळचं आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे डिसेंबरात फोन नकोत. अमावास्या 7 जानेवारी 2027, यूल 22 जानेवारी, शुक्रवार. यायचं असेल तर लोकरीचे मोजे दोन जोड घाला आणि एक सफरचंद आणा.