गाडी एवढी हळू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर आमच्या घरात जेवताना हा विषय काढायला मला बंदी आहे.

माझा लेआउट, म्हणजे घरात भिंतीलगत मांडलेलं आगगाडीचं छोटं मॉडेल, बघायला येणारे आधी कौतुक करतात, मग फोटो काढतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो. लहान मुलं सरळ विचारतात, "काका, जोरात नाही का पळत?" मोठी माणसं आडून येतात : "व्होल्टेज कमी पडतंय का हो?" त्यातून कोथरूडचं भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून आलेला असला, तर त्याच्या डोळ्यांपुढे एकाच वेळी धावणाऱ्या कितीतरी गाड्या असतात. माझ्याकडे एक इंजिन, चार डबे, आणि तेही रखडत.

आधी हिशोब. माझं मॉडेल १:८७ मापाचं आहे. म्हणजे अंतर जसं ८७ पट लहान, तसा वेगही. खेळण्यातली गाडी सेकंदाला अर्धा मीटर सहज जाते. तिला ८७ नं गुणा, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जाते. आणि माझी गाडी आहे बार्शी लाईट! तिला दीडशेनं पळवायची म्हणजे तिचा अपमान, आणि आतल्या वारकऱ्यांचे हाल.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी रूळ, म्हणजे दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर असलेली छोटी लाईन, सुरू केला. १९०६ ला तो पंढरपूरला पोचला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला. प्रत्येक अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा हट्ट. त्यामुळे रूळ हलके चालले, खर्च कमी आला. इंजिनाला मात्र चाकंच चाकं. सरकारनं १९५४ मध्ये कंपनी ताब्यात घेतली, तरी आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, सगळे तिला बार्शी लाईटच म्हणायचे. ती किती सावकाश चालते याचे विनोद कुर्डुवाडीत घरोघरी होते. माझे वडील तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर. त्यांच्यापुढे तो विनोद करायची सोय नव्हती.

आता माझी अडचण बघा. कुर्डुवाडी ते पंढरपूर साधारण बावन्न किलोमीटर. १:८७ नं ते सहाशे मीटर भरतं. माझ्याकडे आहे पुण्यातल्या फ्लॅटची एक भिंत, बारा फुटांची. तेव्हा पंढरपूर बाद, मोडनिंब बाद. उरलं कुर्डुवाडीचं स्टेशन, तेही आवळून बसवलेलं. या बारा फुटांत गाव मावतं ते फक्त हळू चालण्यामुळे. ताशी तीसच्या वेगानं बारा फूट जायला जवळजवळ चाळीस सेकंद लागतात. स्टेशनात शिरताना दहावर आणली की ती सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर सरकते. तेवढ्या वेळात बघणाऱ्याची नजर इंजिनावरून सुटते आणि आजूबाजूला फिरायला लागते. पाणी भरायचा खांब दिसतो. वर्कशॉपची भिंत दिसते. लिंबाखाली सायकल टेकवून उभा असलेला माणूस दिसतो. गाडी सुसाट गेली तर बघणारा फक्त गाडीच बघतो. मग गाव करण्यात मी एवढे डोळे कशाला फोडले?

सगळ्यात जास्त वेळ मी घातलाय तो माल उतरवण्याच्या फलाटावर. एका बाजूला छोट्या गाडीच्या वाघिणी, दुसऱ्या बाजूला मोठ्या गाडीच्या. रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे पोतं न् पोतं हमालांच्या पाठीवरून इकडचं तिकडे जायचं. आम्ही पोरं तिथे सांडलेल्या शेंगा वेचायचो. मॉडेलमधले हमाल मूळचे जर्मन प्रवासी आहेत. त्यांच्या हॅटा कापून मुंडाशी केली, सुटकेसच्या जागी पोती दिली. रंगाचंही तसंच. बाजारात मिळणारं गवत आल्प्समधलं, हिरवंगार. माढा तालुक्यात असं गवत दिसलं तर लोक दर्शनाला जातील. मी उकळून वाळवलेली चहा पावडर वापरली, चाळलेली माती वापरली, आणि ज्वारीच्या धाटांसाठी काथ्या.

हळू चालवणं पळवण्यापेक्षा कठीण असतं, हे कोणाला खरं वाटत नाही. मॉडेलच्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. वेगात असलेलं इंजिन रुळावरचा कचरा ओलांडून जातं. हळू चालणारं तिथेच अडतं. आपल्याकडे धूळ म्हणजे काय सांगायला नको, त्यामुळे गाडी सोडण्याआधी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसणं आलंच. सांध्यातला फ्रॉग, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लॅस्टिकचा असेल तर तेवढ्या जागेत वीज नसते, म्हणून सगळे फ्रॉग धातूचे, आणि सांधा फिरला की त्यांची पोलॅरिटी बदलणारा स्विच. इंजिनाची चेसिस तयार मिळाली, कारण ऑस्ट्रियात आपल्या अडीच फुटीच्या अगदी जवळची ७६० मिलिमीटरची लाईन आहे आणि तिची मॉडेलं ९ मिलिमीटरच्या रुळावर धावतात. वरचा पत्रा मात्र माझा. आत फ्लायव्हील, म्हणजे मोटरबरोबर फिरणारं जड चाक आहे, त्यामुळे क्षणभर वीज तुटली तरी गाडी हिसका देत नाही.

मागच्या बाजूला मुंबई–मद्रास मोठी लाईन आहे, तिच्यावर कायम एक मालगाडी उभी असते. मेल का नाही, हाही प्रश्न येतो. ताशी शंभरनं मेल सोडली तर ती अकरा-बारा सेकंदांत भिंत संपवते. पुढे काय? गोल फिरवून परत आणायची? दर मिनिटाला मद्रास मेल कुर्डुवाडीतून गेलेली मी तरी पाहिलेली नाही.

कंट्रोलर मी पाहुण्यांच्या हातात खुशाल देतो. मुलं नॉब टोकापर्यंत फिरवतात आणि गाडी तिच्याच चालीनं जाते, कारण डीकोडरमध्ये, म्हणजे कंट्रोलरचा हुकूम ऐकणाऱ्या इंजिनातल्या चिपमध्ये, कमाल वेगाचा आकडा मी आधीच खाली आणून ठेवलाय. तरीही कोणाला वेगच बघायचा असला, तर शेजारच्या खोलीत नातवाचा सेलवर चालणारा सेट आहे. तो जोरात पळतो, गोल फिरतो आणि वळणावर हमखास कोचाखाली जातो. काढायला काठी तिथेच ठेवली आहे.