परत जाणारे बेस : आमची वाटचाल

भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी 19 वर्षं फिटर होतो. सुट्टी झाली की घरी अंघोळ, आणि मग बेस गिटार खांद्याला लावून ऑर्केस्ट्राचा टेम्पो गाठायचा. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, कोजागरी, कंपन्यांची स्नेहसंमेलनं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्यांचे ते चार तारांवरचे तुकडे रेडिओवरून कानात भरून आम्ही पोरं हे वाद्य शिकलो. पुढे ऑर्केस्ट्रांचं बजेट आटलं आणि सगळ्यात आधी कमी झाला तो बेसवाला. त्याचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेलं.

2012 साली माझ्या बरोबरीच्या चार वादकांनी वर्षभरात आपापले बेस विकायला काढले. जुन्या बाजारात त्यांना जी किंमत सांगितली गेली ती ऐकवेना, म्हणून चारही मीच घेतले. धंदा काढायचा असं डोक्यात नव्हतं. वाद्यं घरी आली, आमच्या जिन्याखालच्या खोलीत एका ओळीत उभी राहिली आणि मी एकेक टेबलावर घेऊन उघडायला लागलो.

चारपैकी तिघांत काही बिघाडच नव्हता. विकत घेतल्यापासून त्यांचा ट्रस रॉड कोणी फिरवलाच नव्हता, एवढंच. बेसच्या चार तारा मिळून नेकवर, म्हणजे बेसच्या लांब दांडीवर, सत्तर-ऐंशी किलोंचा ताण टाकतात. या ताणाला उलट ओढून धरायला नेकच्या पोटात लोखंडी सळी असते, तोच ट्रस रॉड. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल पितं, एप्रिल-मेमध्ये सुकतं, नेक वाकत-सरळ होत राहते आणि ती सळी मात्र कारखान्यातून आली तशीच. मग तारा बोटभर वर येतात, वादकाच्या बोटांना फोड येतात, वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) सूर चढा लागतो. माणूस म्हणतो, बेस खराब झाला. काही जण म्हणतात, आपलं वय झालं. माझ्या त्या चार मित्रांपैकी दोघं हेच म्हणाले होते.

मी तिघांचे बेस लावून दिले आणि घेतले त्याच पैशांत परत केले. त्या तिघांनी मग दुसऱ्यांना सांगितलं. आमचं गिऱ्हाईक असं सुरू झालं.

माझा भाचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स करून बसला होता, तो 2013 मध्ये माझ्याबरोबर आला. लाकूड आणि लोखंड माझं, वायर आणि सोल्डर त्याचं. आमचा पहिला नियम त्यानं घातला. एक कॉलेजचा मुलगा पाच तारांचा बेस विकायला घेऊन आला होता, बोटं दुखतात म्हणत होता. मी किंमत सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, थांब. आधी मोजू या." सतराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली तर जवळजवळ 5 मिलिमीटर. जाड ई तारेला तिथं साधारण 2.4 मिलिमीटर पुरतात. अर्ध्या-पाऊण तासात बेस लावून त्याच्या हातात दिला. त्यानं दहा मिनिटं वाजवला आणि पिशवीत घालून घरी घेऊन गेला. आम्हाला सेटअपचे 400 रुपये मिळाले, विकला असता तर चार हजार तरी सुटले असते. तो मुलगा आज व्यावसायिक वादक आहे आणि त्याच्यामुळे आलेली गिऱ्हाइकं मोजायची म्हटली तर वही लागेल.

तेव्हापासून विकायला आलेला कुठलाही बेस आम्ही आधी लावतो, मालकाला वाजवायला देतो आणि मगच भाव बोलतो. निम्म्याच्या आसपास बेस त्याच दिवशी मालकाबरोबर परत जातात. आमच्या सीएला पहिली दोन वर्षं हे पटलं नव्हतं.

टूलरूमनं मला जे शिकवलं ते या कामात रोज वापरतो. नेकचा बाक मोजायला मी फीलर गेज वापरतो, गॅरेजवाला टॅपेट लावताना वापरतो तेच. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात 0.35 मिलिमीटरचं पान जेमतेम सरकलं पाहिजे. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग लाकडाला बसायला वेळ द्यायचा. फ्रेट वर-खाली झाले असतील तर सगळ्या फ्रेटच्या डोक्यांना मार्कर फासायचा आणि सरळ पट्टीला पॉलिश पेपर लावून घासायचं. जिथं शाई राहिली तो फ्रेट खाली आहे. आम्ही सरफेस प्लेटवर निळा रंग लावून जॉब स्क्रेप करायचो, त्याचंच हे भावंड. सूर जुळवणं सगळ्यात शेवटी: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर एक येईपर्यंत ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तारेचा खालचा टेकू, पुढे-मागे करायचं. हा क्रम मोडला की पुन्हा पहिल्यापासून. घाईच्या दिवसांतही आम्ही तो मोडत नाही.

बदल करून मागणाऱ्यांत सगळ्यात मोठी तक्रार गुणगुणण्याची असते. "दादा, पिकअप बदलून द्या, हम येतो." पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग. भाचा आधी विचारतो, कुठं येतो? घरी की कार्यक्रमात? मांडवातल्या बोर्डाला अर्थिंगच नसतं, किंवा ॲम्पची तीन पिनांची वायर कोणीतरी दोन पिनांवर आणलेली असते. तिथं दहा हजारांचा पिकअप घाला, तो गुणगुणणारच. जॅझ बेसचे (फेंडरचं दोन पिकअपचं मॉडेल) दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोन पिकअपचा हम एकमेकांना मारतो आणि एक कमी केला की परत येतो, हे वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांनाही कित्येकदा ठाऊक नसतं. म्हणून आधी अर्थिंग, मग पोकळीला आतून तांब्याचा पत्रा, आणि तरीही भागलं नाही तर पिकअप. अर्थिंगबद्दल मी गिऱ्हाइकावर आवाजही चढवतो. ओठ माइकला आणि बोटं तारांना असताना बसलेला शॉक मी स्वतः खाल्लेला आहे. तो जिवावरचा खेळ आहे.

आता एका चुकीबद्दल लिहायला हवं, कारण आमचं आजचं काम तिच्यातून घडलं.

लिओ फेंडर यांच्या कंपनीनं 1951 मध्ये बेस गिटार बाजारात आणली आणि तिला प्रिसिजन, म्हणजे अचूकता, असं नाव दिलं, ते फ्रेटमुळे. उभ्या डबल बेसवर सूर कानानं शोधावा लागायचा, इथं तो फ्रेटनं बांधून दिला. आणि आपल्याकडचे वादक मात्र मला फ्रेट काढून मागतात, कारण त्यांना मींड हवी असते. गायकाबरोबर, सारंगीबरोबर वाजवायचं तर दोन सुरांमधली जागा लागतेच. अमेरिकेत जॅको पास्टोरियस यांनी आपल्या 1962 च्या जॅझ बेसवरचे फ्रेट असेच उपटले होते आणि लाकूड झिजू नये म्हणून वर होड्यांना लावतात तो इपॉक्सी चढवला होता. 2014 मध्ये एका ज्येष्ठ वादकांनी आपला तीस वर्षांचा बेस माझ्याकडे दिला, तसंच कर म्हणाले. मी केलं. सोल्डरिंग आयर्ननं फ्रेट तापवून एकेक उपसला, खाचांत पातळ लाकडी पट्ट्या बसवल्या, घासलं, इपॉक्सी लावला. काम सुबक झालं होतं. महिन्याभरानं ते आले आणि फ्रेट परत बसतील का, असं विचारलं. जुनी गाणी त्यावर वाजत नव्हती. मी पुन्हा खाचा कापून फ्रेट बसवले, पण ती मूळची नेक राहिली नाही. त्यांनी मला शब्दानंही दुखावलं नाही. मला मात्र तो बेस हातात घेताना आजही अवघडल्यासारखं होतं.

तेव्हा दुसरा नियम झाला: जे परत पूर्वीसारखं करता येत नाही ते मूळ वाद्यावर करायचं नाही. फेंडर पद्धतीच्या बेसची नेक चार स्क्रूंवर बसलेली असते. फ्रेटलेस हवी असेल तर आम्ही वेगळी नेक देतो आणि मूळची नेक कापडात गुंडाळून मालकाकडे. पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग), ब्रिज, ट्यूनर, जे काही काढू ते एका खाकी पाकिटात, वर तारीख आणि काय काढलं त्याची नोंद. बॉडीवर राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवायला आम्ही नकार देतो. त्यामुळे काही कामं गेली आहेत, जाऊ देत.

फ्रेटलेसचं काम नीट जमायला मात्र मला मिरजेला जावं लागलं. बिनफ्रेटच्या बेसचा तो लांबलेला, नाकातला सूर येतो कारण तार नेकवरच्या फळीला जराशी चाटत थरथरते. तंबोऱ्याची जवारी म्हणजे दुसरं काय? मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी गेलो ते त्याच्या बऱ्याच आधी. तिथले एक बुजुर्ग कारागीर घोडीवर कानस चालवत होते. दोन हात मारायचे आणि तार छेडायची, पुन्हा दोन हात. मी दोन दिवस नुसता बाजूला बसून होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी कानस माझ्या हातात दिली आणि मनगट दाबलं: जोर द्यायचा नाही. मोजपट्टीवर वाढलेल्या माझ्यासारख्याला ते अवघड गेलं. बेसच्या फळीला मी आता शेवटचा हात असा कानानं देतो, आणि चारही तारांवर, वरपासून खालपर्यंत, जवारी सारखी बोलेपर्यंत थांबत नाही. एका नेकला कधी चार दिवस जातात. आमच्या सगळ्या कामांत मला हेच काम सर्वांत प्रिय आहे.

गायकांमुळे आणखी एक गोष्ट कळली. आपल्याकडे पुरुष गायकाची पट्टी पुष्कळदा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार ई, म्हणजे साधारण 41 हर्ट्झ; काळी एकचा खर्ज 34.6 हर्ट्झवर, त्या तारेच्याही खाली. म्हणजे गायकाचा षड्जच बेसला खाली मिळत नाही. पाचवी बी तार असली की तो तिच्या दुसऱ्या फ्रेटवर सापडतो. त्यामुळे अभंग, नाट्यगीत, गझल यांच्या साथीला बसणाऱ्यांना मी पाच तारांचाच बेस दाखवतो.

फसलोही आहोत. 2016 मध्ये एका गृहस्थाकडून सत्तरच्या दशकातला म्हणून एक अमेरिकन बेस घेतला. नेकप्लेटवरचा नंबर जुळत होता, पण नंबरची पट्टी कोणीही बदलू शकतो. घरी आणून भाच्यानं पॉट उघडून पाहिले. जुन्या अमेरिकन पॉटवर बनवणाऱ्याचा आकडा, मग वर्ष आणि आठवडा छापलेला असतो. 137 म्हणजे सीटीएस, पुढे 76 आणि 22 असेल तर 1976 चा बाविसावा आठवडा. यावर काहीच नव्हतं आणि पॉट अगदी अलीकडचे होते. मग नेकची टाच, शाई, रंग, सगळंच नवं निघालं. पैसे बुडाले. तो बेस आम्ही विकला नाही, भिंतीवर लावला आहे. जुना बेस घ्यायला येणाऱ्याला आधी तो उघडून दाखवतो आणि मग दुकानातला खरा जुना बेसही उघडून देतो.

2017 च्या जानेवारीत शिसवीसकट त्या जातीचं सगळं लाकूड साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलं आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना नेक पाठवणं परवान्यांत अडकलं. जगभरच्या गिटारींच्या फळ्या आपल्या शिसवीच्या, आणि आपणच पाठवू शकत नाही, याचं वाईट वाटायचं. 2019 च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली. न्यू जर्सीतल्या एका मराठी वादकाची वाट पाहत असलेली ऑर्डर पुढच्याच महिन्यात गेली.

आणि मग 2020. कार्यक्रम बंद, मांडव बंद. एप्रिलपासून फोन सुरू झाले, सगळे विकणाऱ्यांचे. घरभाडं, किराणा. अशा वेळी विकू नका म्हणणं सोपं असतं, पण पोटाला पैसे लागतात. आम्ही साठवलेल्या पैशांतून जमतील तितके बेस ठेवून घेतले आणि प्रत्येकाला लिहून दिलं की दोन वर्षांत त्याच रकमेत परत न्या, तोवर आम्ही विकणार नाही. 23 बेस होते. भाचेसूनबाईंनी त्या काळात मसाले विकून घर चालवलं, हे इथं लिहिलंच पाहिजे. 2022 च्या गणपतीपर्यंत 17 बेस परत गेले.

आज दुकानात आम्ही चौघं आहोत. जुन्या मालाचा जीएसटी खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरतो. प्रत्येक बेसबरोबर एक कार्ड जातं: फ्रेट किती झिजले, काय बदललं, कुठं टवका उडाला, सगळं. दोष आधी वाचलेलं गिऱ्हाईक सहसा परत भांडायला येत नाही, हिशेब विचारायला येतं, आणि तो द्यायला आम्हाला आवडतं.

गेल्या मंगळवारी वसईहून एक मुलगा आला. त्याचे वडील चर्चमध्ये बेस वाजवायचे, पावसाळ्यात गेले. बेस विकायचा आहे म्हणाला. पिशवीच्या कप्प्यात आमचंच खाकी पाकीट निघालं, माझ्या अक्षरातलं: मूळ पिकअप, दोन पॉट, 2015. भाच्यानं ते पिकअप परत बसवले. मी फ्रेट पुसले, शिसवीला तेल दिलं, नव्या तारा चढवल्या. नेक पावसानं जराशी वाकली होती, पाव फेऱ्यात आली. मुलगा रविवारी येणार आहे. भाव अजून बोललेलो नाही.