गावातल्या लहान जागा : आमची वाटचाल

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकून इंग्लंडला आलो तेव्हा स्वतःची कंपनी काढायचं डोक्यात नव्हतं. आधी मोठ्या कंपन्यांत राहून महामार्गाच्या जागांवर उत्खननं केली. पण जीव रमायचा तो गावात. चर्चमागचं कुरण, जुन्या घराचं परसू, जिथे कुणाला दोनच घरं बांधायची असतात, अशा जागी. म्हणून केंब्रिजशायरमध्ये आम्ही नवरा-बायकोने अशीच लहान कामं घ्यायला सुरुवात केली.

इथे १९९० साली 'पीपीजी १६' हे नियोजन धोरण आलं. बांधण्याआधी जमिनीखाली काय आहे ते तपासायचं आणि खर्च बांधणाऱ्याने करायचा, ही रीत त्यातून रुजली. काऊंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, पुरातत्त्व अधिकारी अपेक्षा सांगतात, आम्ही कामाचा आराखडा मंजूर करून घेतो आणि मग चाचणीचे चर घेतो. चर साधारण दोन मीटर रुंद. छोट्या जेसीबीला बिनदाती बकेट लावून वरची माती पातळ थरांनी काढायची. दात असले की खालची माती ओरबाडली जाते आणि तिच्यातला काळसर डाग हरवतो. आम्हाला तोच डाग हवा असतो. कुठे तो खांबाचा खळगा निघतो, कुठे बुजलेला बांधाचा चर.

शिंपल्यांची कणी असलेलं सेंट निओट्स पद्धतीचं खापर निघालं, की अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्या आगेमागे इथे चुली पेटत होत्या असं समजायचं. एवढ्याशा खापरांतून केवढं कळतं! पुरातत्त्वज्ञ कॅरेन्झा लुईस यांनी पूर्व इंग्लंडमधल्या ५५ गावांत, लोकांच्या परसात मीटरभराचे दोन हजारांवर खड्डे घेतले. त्यांतली खापरं मोजल्यावर चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर त्यांचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. प्लेगने गावं किती ओसरली, याचं हे उत्तर वसत्या गावांच्या पोटातूनच मिळालं.

आमचा गिऱ्हाईक बहुतेकदा बिल्डर नसतो. मुलासाठी घर बांधणारा शेतकरी असतो. त्याला धास्ती खर्चाची. म्हणून चर खणण्याचा आणि अहवालाचा आकडा आम्ही पक्का देतो. काही सापडलंच तर पुढे काय लागेल, त्याची वरची मर्यादाही आधीच लिहून देतो. यात कधी नफा आटतो, पण याच सचोटीवर गावोगावची कामं मिळत गेली. चर रिकामा निघाला की काही जण विचारतात, मग पैसे कशाचे? गाव इथवर पसरलं नव्हतं, हेही नकाशावर लागतं. म्हणून रिकाम्या चराचा अहवालही आम्ही तेवढ्याच निगुतीने लिहितो आणि काऊंटीच्या नोंदवहीत पोचवतो.

आपल्याकडे नेवासे, इनामगाव इथे मोठी उत्खननं झाली. पण साध्या गावांच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती अजून खत म्हणून शेतात जाते, आणि तिथे घरकुलाचा पाया खणताना बघायला कुणी नसतं. मला हे फार लागतं. भारतात उत्खननाला परवाना लागतो. पण पाया खणण्याआधी फिरून पाहणी करायला, खापरं कुठे दिसतात ते जीपीएसवर नोंदवायला आणि फोटो काढायला माणसं तयार करता येतील. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या काही तरुणांना ही नोंद कशी ठेवायची ते आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवतो आहोत.