रोरीची रंग उडालेली गिटार

आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहरच्या गिटारचा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती भंगारातून उचलून आणली असावी असंच वाटतं. १९६१ सालची, फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार. मुळात सनबर्स्ट, म्हणजे मधोमध पिवळी, कडेकडे तांबूस होत गेलेली आणि काठाला काळी. आता त्यातलं फार थोडं शिल्लक आहे. बाकी सगळं उघडं लाकूड, तेही कुठे मातकट, कुठे काळवंडलेलं, आणि मध्येच रंगाचे चुकार तुकडे. एखाद्या सुताराला दाखवली तर तो म्हणेल, "ठेवून जा, दोन दिवसांत नवी करून देतो." हीच गिटार ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात ८ लाख ८९ हजार ४०० पौंडांना गेली.

आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की ती वापरण्याआधी जपायची तजवीज होते. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला कव्हर, आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर. रोरीने बरोबर याच्या उलट केलं. गिटार विकत घेतल्यावर त्याने ती फक्त वाजवली.

घेतली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. साल १९६३, आयर्लंडमधलं कॉर्क शहर, तिथलं क्राउलींचं वाद्यांचं दुकान. गिटार तशी सेकंडहँड. रॉयल शोबँडच्या जिम कॉनलनने ती मागवली होती. त्याला हवी होती लाल, आली ही. लाल येईपर्यंत त्याने हिच्यावर भागवलं आणि मग ही दुकानात विक्रीला लागली. आयर्लंडमध्ये आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकास्टर, असंही म्हणतात. किंमत १०० पौंड. शाळकरी पोराच्या घरच्यांनी आकडा ऐकूनच डोक्याला हात लावावा अशी. दुकानदाराने हप्त्याने दिली. आईची समजूत घालताना रोरीने जे गणित मांडलं ते मला फार आवडतं: या एकाच गिटारवर मी ऱ्हिदमही (मागची साथ) वाजवीन आणि लीडही (पुढची सुरावट), म्हणजे दुसरा गिटारवाला घ्यायला नको, उलट पैसे वाचतीलच! पोरं कुठलीही असोत, आईसमोर हिशेब असाच करतात. फरक इतकाच की याने तो पुढे खरा करून दाखवला. तिघांच्या बँडमध्ये तो एकटा दोघांचं काम करायचा.

हप्ते फेडायचे तर कमाई हवी. ती मिळाली शोबँडमध्ये. एकसारखे सूट घातलेली मंडळी डान्स हॉलमध्ये त्या त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी जशीच्या तशी वाजवणार, असा तो मामला. रोरीचा जीव मात्र ब्लूजवाला मडी वॉटर्स आणि रॉक अँड रोलवाला चक बेरी यांच्यात अडकलेला. १९६६ मध्ये त्याने 'टेस्ट' नावाचा तिघांचा बँड काढला. १९६८ मध्ये 'क्रीम' या गाजलेल्या ब्रिटिश रॉक बँडचा निरोपाचा कार्यक्रम लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, त्यात आधी वाजवायला ही मंडळी होती. १९७० च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटावरच्या संगीत महोत्सवात प्रचंड गर्दीसमोरही त्यांनी नाव काढलं, आणि वर्ष संपता संपता बँड फुटला. तिघांचे बँड फुटायला फारसं निमित्त लागत नाही. १९७१ पासून तो स्वतःच्या नावावर उभा राहिला. बास गिटारवर जेरी मॅकअव्हॉय आला तो पुढची वीस वर्षं टिकला, आणि धाकटा भाऊ डोनल सगळा कारभार बघायचा.

त्या काळच्या रॉकवाल्यांचे कपडे आठवा. मखमल, चमचम, उंच टाचांचे बूट. त्यांच्यात हा पोरगा चौकड्यांचा शर्ट आणि जीन्स घालून यायचा. बघणाऱ्याला वाटावं, स्टेजवर वायरी जोडायला आलाय. सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची सुटी रेकॉर्ड काढायला त्याने साफ नकार दिला. लोकांनी अख्खा अल्बम ऐकावा आणि कार्यक्रमाला यावं, बस्स. रेकॉर्ड कंपनीला असा कलाकार म्हणजे डोकेदुखीच. मला स्वतःला या हट्टात थोडा ताठाही दिसतो. एखादं गाणं रेडिओवर गाजलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी १९७१ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम गिटारवादक म्हणून कौल दिला तो यालाच.

जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन गिटारवादकाला म्हणे कुणी विचारलं होतं, जगातला सर्वांत भारी गिटारवादक असल्यावर कसं वाटतं, तर तो म्हणाला, रोरी गॅलाहरला विचारा. याचा पुरावा कुणाकडेही नाही. तरी रोरीच्या चाहत्यांसमोर शंका काढून बघाच एकदा.

मला स्वतःला त्याची खरी थोरवी बेलफास्टमध्ये दिसते. सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंड कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षातल्या बॉम्ब आणि गोळीबाराने होरपळत होता. बाहेरच्या बँडांनी तिकडे फिरकणं बंद केलं. हा दरवर्षी जायचा. जन्म डोनेगलमधल्या बॅलीशॅननचा, वाढला कॉर्कमध्ये, म्हणजे दक्षिणेतला. पण बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये त्याला ऐकायला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरं एकाच छताखाली घाम पुसत उभी राहायची. शांततेचं भाषण वगैरे काही नाही. यायचं, वाजवायचं, पुढच्या वर्षी परत यायचं. १९७४ च्या जानेवारीत बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कला त्याने केलेले कार्यक्रम 'आयरिश टूर' या अल्बममध्ये ऐकायला मिळतात.

पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडला नवा गिटारवादक हवा होता. त्यांनी रोरीला रॉटरडॅमला बोलावलं. काही रात्री तो त्यांच्याबरोबर वाजवत बसला. हो किंवा नाही, कुणी धड सांगेना, आणि इकडे जपानचा दौरा तोंडावर आलेला. रोरीने गिटार उचलली आणि जपान गाठलं. जागा रॉनी वुडला मिळाली. यावर हळहळणारे बरेच भेटतात. मी त्यांच्यातला नाही. दुसऱ्याच्या बँडमध्ये कोपऱ्यात उभा राहिलेला रोरी मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. आणि मान्य केलेला कार्यक्रम सोडायचा कसा?

तर, रंग. गिटारचा रंग उडाला तो घामाने. लोक सांगतात, त्याचा रक्तगट दुर्मीळ होता, म्हणून घाम जास्त आम्ल. असेलही. मला त्याच्यासाठी रक्तगटापर्यंत जायची गरज वाटत नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री दोन-दोन तास दिव्यांखाली भिजलेल्या मनगटाने लाकूड घासलं तर दुसरं काय होणार? त्यात एकदा डब्लिनमध्ये गिटार गाडीतून चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसापाण्यात टाकून दिलेली सापडली. तेव्हापासून त्याने ठरवलं म्हणतात, ही कधी विकायची नाही. रंग मात्र पुन्हा दिला नाही.

पुढे फेंडरने हिच्या नकला काढल्या. नवी कोरी गिटार घ्यायची, कारखान्यातच तिचा रंग मापाने खरवडायचा, डाग बरोबर जागच्या जागी पाडायचे, आणि चांगल्या गिटारहून कितीतरी महाग विकायची. असल्या गिटारला 'रेलिक' म्हणतात. माझ्या एका मित्राने अशी एक घेतली, रोरीची नव्हे, पण तसलीच ओरबाडलेली. बॅगेतून काढली तेव्हा त्याची आई तिथेच भाजी निवडत होती. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "सेकंडहँड आणलीस होय? बघून तरी घ्यायची रे." मित्राने किंमत सांगायचं धाडस केलं नाही. तो ती गिटार आता फार जपून वापरतो. कारण चुकून आणखी एक ओरखडा पडला तर तो कंपनीचा नसेल.

रोरीने गिटारला जपलं नाही तसं स्वतःलाही. १९७७ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत अख्खा अल्बम रेकॉर्ड करून झाला आणि मनासारखा झाला नाही म्हणून त्याने तो बाजूला टाकला, बँडही बदलला. ते रेकॉर्डिंग लोकांना ऐकायला मिळालं २०११ मध्ये, तो गेल्यानंतर सोळा वर्षांनी. त्याला विमानाची भीती होती आणि आयुष्य दौऱ्यांचं. भीतीवर डॉक्टरी गोळ्या, त्यात दारू. लिव्हर गेलं. शेवटचा कार्यक्रम जानेवारी १९९५ मध्ये, पुन्हा रॉटरडॅममध्येच. लंडनमध्ये लिव्हर बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, तो सावरतोय असं वाटलं, आणि मग जंतुसंसर्गाने घात केला. १४ जून १९९५. वय सत्तेचाळीस. लग्न, संसार यांतलं काही नव्हतं. अंत्ययात्रेला कॉर्कच्या रस्त्यांवर हजारो लोक उभे होते.

लिलावातली गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. रोरीच्याच देशात राहिली हे उत्तमच झालं. तरी तिला काचेआड हवाबंद ठेवण्याची कल्पना मला थोडी विनोदी वाटते. जिचा निम्मा इतिहास घामाचा, तिला आता दमट हवाही लागू द्यायची नाही! २०११ मध्ये जो बोनामासा या अमेरिकन गिटारवादकाने लंडनच्या कार्यक्रमात ती वाजवली होती. वर्षाकाठी एकदा असं कुणाच्या तरी हाती द्यायला हरकत नसावी.

ज्यांनी रोरीला ऐकलेलंच नाही त्यांनी स्टुडिओतल्या अल्बमपासून सुरुवात करू नये, असं माझं मत. 'आयरिश टूर' लावा, आणि त्यातलं 'अ मिलियन माइल्स अवे' आधी. साडेनऊ मिनिटांच्या आसपास आहे, त्यामुळे मध्येच गॅसवर दूध ठेवू नका. मग १९७२ चं 'लाइव्ह इन युरोप', ज्यात तो गिटार खाली ठेवून मॅन्डोलिनवर 'गोइंग टू माय होमटाउन' म्हणतो आणि श्रोते टाळ्यांनी ठेका धरतात. इअरफोनवर ऐकू नका. स्पीकरवर लावा, खिडक्या बंद करून, कारण शेजारी येणारच आहेत.