एकाच मापाच्या दोन जीन्स

मी कपड्यांच्या दुकानात ऑल्टरेशनला बसतो. ट्रायल रूमच्या मागे एक शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, इस्त्रीचं टेबल आणि मी. पॅन्टची उंची कमी करणं हेच निम्म्याहून जास्त काम, त्यामुळे लोकांचे चेहरे लक्षात राहत नाहीत पण घोटे राहतात.

त्या दिवशी शनिवार होता, तुफान गर्दी. दुपारी एक गृहस्थ आले, पन्नाशी ओलांडलेले, सोबत कॉलेजातली मुलगी. त्यांनी साधी क्लासिक कट जीन्स काढलेली, सरळ पायाची, गडद निळी, चेनऐवजी बटणं, कंबर ३४ उंची ३४. घालून बाहेर आले तर शर्ट आत खोचलेला, खिशात मोबाइल, किल्ल्या, पाकीट सगळं ठासून, आणि खाली बुटांवर कापडाच्या चार घड्या. मुलगी म्हणे, "पप्पा ही अंकल जीन्स आहे." वर मोबाइलवर ओबामांचा तो फोटो काढून दाखवला, २००९ साली बेसबॉलच्या मॅचला पहिला चेंडू टाकायला ढगळ फिकट जीन्स घालून गेले होते आणि लोकांनी यथेच्छ टिंगल केली होती तो. म्हणे "सेम दिसताय."

बिचारे गप्पच झाले. मग मला हळूच म्हणाले, "आमच्या कॉलेजच्या वेळची फॅशन हो ही, जुनीच दिसणार." मी म्हटलं सर तुमच्या कॉलेजच्या कितीतरी आधीची आहे, धातूचे रिव्हेट मारलेल्या पॅन्टचं पेटंट १८७३ चं, आणि ती आयडिया लीव्हाय्स जीन्सवाल्या लीव्हाय स्ट्रॉसची नव्हतीच, त्याच्याकडून कापड घेणाऱ्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची होती. (शिंप्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी हे मिळेल त्या गिऱ्हाईकाला ऐकवतो.) पण त्यांचं ठरलं होतं. "मास्टर, गुडघ्याखाली बारीक करा, हल्ली घालतात तशी."

हल्ली! आता काय बोलणार. स्किनीची, म्हणजे पायाला चिकटणाऱ्या जीन्सची, लाट आली दोन हजार सालानंतर, हेदी स्लिमान नावाचा डिझायनर डिओर या फॅशन कंपनीत होता तेव्हा, म्हणजे ज्याला ते हल्ली म्हणत होते ते सुद्धा मुलीच्या बालपणातलं. पण गर्दीच्या दिवशी गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नसतो, खडू घेतला, उंची ३० आणि बॉटमचा घेर १७ वरून १३, लिहिलं चिठ्ठीवर. सहा वाजता या म्हटलं.

अर्ध्या तासाने एक विशी-बाविशीचा पोरगा आला. तीच जीन्स, तोच रंग, तोच ३४-३४. कंबर त्याची जेमतेम ३१ असेल. म्हणाला उंचीला हात लावू नका, घेर तर अजिबात नको, फक्त मागचा बेल्टचा लूप उसवलाय तो पक्का करून द्या. त्याच्याही बुटांवर चार घड्या पडत होत्या पण त्याच्यावर त्या फॅशन वाटत होत्या. का ते मला नीट सांगता येणार नाही, वर टीशर्ट ढगळ, बूट जाड सोलचे, सगळंच एका मापात सैल, म्हणून असेल. सरांचं वरचं सगळं टापटीप आणि खालचं तेवढं गळालेलं, तिथे गडबड.

दोन्ही कामं केली, घड्या घालून रॅकवर ठेवल्या. सहा वाजता सर आले तेव्हा मी एका ब्लाउजच्या बाहीत अडकलेलो, म्हणून आमच्या पोऱ्याने रॅकवरून जीन्स काढून दिली. ते आत गेले, बाहेर आले. शर्ट या वेळी बाहेर, खिसे रिकामे कारण सामान मुलीच्या पर्समध्ये, आणि जीन्स खालून दोनदा दुमडलेली, दुमड बरोबर बुटाच्या कडेला टेकलेली. मांडीवरून कापड सरळ खाली पडत होतं, कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. मुलगी एकदम खूष, "बघा पप्पा, बारीक केल्यावर कशी शोभतेय! मी सांगत होते ना!"

मी बाहीतून मान वर केली आणि पोटात गोळा आला. बॉटम १७ चाच होता. दुमड का घालावी लागली हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही, पण मला कळलं, पोऱ्याने त्या मुलाची जीन्स दिली होती.

खरं सांगतो, दोन सेकंद वाटलं गप्प बसावं. पण आठ वाजता तो पोरगा येणार होता. मग उठलो, सॉरी म्हटलं आणि मुलीच्याच हातात टेप देऊन घेर मोजायला सांगितला. तिने मोजला, परत मोजला, "म्हणजे ही बारीक केलेलीच नाही?" मी खरी वाली काढून दिली.

ती घालायलाच त्यांना वेळ लागला. स्ट्रेच नाही, निव्वळ कॉटनचं जाड डेनिम, १३ च्या घेरातून टाच जाईना. बाहेर आले ते गाजरासारखे, मांडीला ऐसपैस आणि खाली एकदम निमुळतं, पोटऱ्यांवर ताण. मुलगी काहीच बोलली नाही. सरच म्हणाले, "मास्टर, मघाचीच द्या, फक्त दुमड नको, उंची कापा."

आता मघाची दुसऱ्याची. ३४ चा दुसरा पीस दुकानात नाही. आणि ही परत सोडता पण येईना, कारण आतल्या शिवणीत जाड गोळा नको म्हणून जास्तीचं कापड मी कापून टाकलं होतं. एकदा कात्री चालली की संपलं. मॅनेजर म्हणाला ऑल्टर केलेला माल परत घेत नाही, जे बरोबरच आहे. सर म्हणाले मीच सांगितलं होतं, मीच भरतो. शेवटी अर्धे त्यांनी अर्धे मी, का तर खडू घेऊन वाकलो तेव्हा मनात आलेलं मी बोललो नव्हतो. नवीन पीस दोन दिवसांनी आला, उंची ३० वर कापली, घेराला हात लावला नाही, खालच्या काठाला मूळच्यासारखीच साखळी टीप मारली, धुऊन धुऊन ती पिळल्यासारखी पांढरट पडते ते छान दिसतं.

आठला तो पोरगा आला, लूप ओढून बघितला, थँक्यू म्हणाला आणि गेला. त्याच्या जीन्सला खाली इस्त्रीसारखी दुमडीची रेघ कुठून आली हे त्याने विचारलं नाही.

ती बारीक केलेली जीन्स माझ्याकडेच आहे. महिनाभर हँगरला टांगून ठेवली, येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवली, कोणी घेईना. शेवटी एक पाय कापला. लोकांच्या जीन्स मांडीत फाटतात ना, तिथे आतून ठिगळ लावायला बरा पडतो.