चूक दिसते कशी?

इंग्रजी वाक्यातली चूक मला दिसते कशी, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परदेशी शिकायला निघालेली मुलं कोथरूडला माझ्याकडे एसओपी, म्हणजे प्रवेशासाठी स्वतःबद्दल लिहायचा इंग्रजी निबंध, तपासून घ्यायला येतात. त्यांचे आईवडीलही हमखास विचारतात, "मॅडम, स्पेलिंग बरोबर, शब्द भारी, तरी तुम्ही वाक्य लाल करता. चूक दिसते कशी?"

नुसतं वाचून दिसत नाही. अर्थ लागला की चूक लपते. म्हणून पहिल्या फेरीत मी अर्थाकडे बघतच नाही. कागद छापून घ्यायचा, शेवटच्या वाक्यापासून उलटं वर यायचं, आणि प्रत्येक वाक्यात काळ दाखवणारं क्रियापद कुठलं नि त्याचा कर्ता कोण, एवढंच शोधायचं. आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीतलं कर्त्याला लागून येतं. ते कुठे आहे हे डोळ्यांना शिकवावं लागतं.

सगळ्यात जास्त सापडतो स्वल्पविराम. 'द सर्व्हर क्रॅश्ड, वी लॉस्ट द डेटा.' दोन कर्ते, दोन क्रियापदं आणि मध्ये बिचारा एकटा स्वल्पविराम. इंग्रजीत त्याला एकट्याला दोन वाक्यं जोडता येत नाहीत. मराठीत 'सर्व्हर बसला, डेटा गेला' हे झकास वाक्य आहे, कोणी बोट ठेवणार नाही. गंमत म्हणजे हे चिन्ह आपल्याकडे आलं तेच इंग्रजीतून. मराठीत विरामचिन्हं आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना देतात, ज्यांनी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा कारभार पाहिला. चिन्ह आलं, नियम तिकडेच राहिला! दुरुस्ती सोपी आहे: पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामानंतर 'सो' किंवा 'अँड' घाला. पण 'हाउएव्हर' घालून सुटका नाही. 'बट' दोन वाक्यं जोडतं, 'हाउएव्हर' जोडत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये ते आलं तर त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवाच. इंजिनिअर मुलं यावर फार वाद घालतात.

अर्धवट वाक्याचं मूळही मराठीतच आहे. 'प्रोजेक्ट रखडला. कारण निधी नव्हता.' आपल्याला यात काही खुपत नाही. इंग्रजीत 'बिकॉज देअर वॉज नो फंडिंग' पुढे पूर्णविराम दिलात, तर ते वाक्य नव्हे, वाक्याचा तुकडा. आधीच्या वाक्याला चिकटवा, मिटलं. 'द रीझन बीइंग लो बजेट' हेही तसंच. 'बीइंग' दिसायला क्रियापद, पण वाक्य पेलायची ताकद त्यात नाही.

'द क्वालिटी ऑफ द ब्रिक्स आर पुअर' हे सिव्हिलवाल्यांचं लाडकं. 'विटांचा दर्जा खराब आहे' म्हणताना विटा आधी येऊन जातात, क्रियापदाच्या जवळ दर्जा उरतो. इंग्रजीत उलटं होतं आणि जवळच्या विटांकडे बघून 'आर' लिहिलं जातं. 'ऑफ'पासूनचा भाग अंगठ्याने झाका, 'इज' आपोआप सुचेल.

मला स्वतःला मजा येते ती वेगळ्याच चुकीत. 'वॉकिंग डाउन लक्ष्मी रोड, माय पर्स वॉज स्टोलन.' इथे लक्ष्मी रोडवरून पर्स चालली आहे. सुरुवातीच्या 'वॉकिंग'ला कर्ता हवा असतो, आणि स्वल्पविरामानंतर पहिलं जे नाम भेटेल ते त्याच्या गळ्यात पडतं. 'लक्ष्मी रोडवरून चालताना माझी पर्स चोरीला गेली' यात कोण चाललं हे आपण समजून घेतो, म्हणून इंग्रजीतली चूक आपल्याला टोचत नाही. 'व्हाइल आय वॉज वॉकिंग' असं लिहा, किंवा स्वल्पविरामापुढे 'आय' आणा. एसओपीत याच चालीवर 'आफ्टर कम्प्लीटिंग माय डिग्री, अ कंपनी हायर्ड मी' असं येतं, म्हणजे पदवी कंपनीने घेतली.

आणि हो, लांब वाक्य म्हणजे चुकीचं वाक्य नव्हे. 'इट रेन्ड वी वेटेड' चारच शब्दांत फसलंय. नीट बांधलेलं साठ शब्दांचं वाक्य उभं राहतं. पण एकदा लाल रेघा बघितल्या की मुलं घाबरून सगळं पाच-पाच शब्दांत तोडून आणतात. मग ते पुन्हा जोडत बसायचं कामही माझ्याकडेच येतं.