चौदा क्विंटलचा लॅपटॉप

मावसभाऊ लग्नासाठी पुण्याहून आला होता. परत जाताना त्याचा लॅपटॉप आठ दिवस माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "वापरून पाय, मंग असा घ्यायचा का ते ठरव."

घाटंजी तालुक्यात मी लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं २००८ साली कागदी पाकिटातून मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप बाहेर काढला, तो व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिलाय. भावाचा लॅपटॉप हातात घेतला तेव्हा तसंच वाटलं. सव्वा किलोचा, आत पंखाच नाही. किंमत १,०५,००० रुपये.

बाबांना आकडा सांगितला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाले, "चौदा क्विंटल. आपल्या तीन एकराचा कापूस झाला लेका." तो कापूस आई आणि वहिनीनं ओटीत भरून वेचलेला असतो. त्यामुळे मी आठही दिवस लॅपटॉप जीव लावून तपासला.

बॅटरीनं मला जिंकलं. दुपारी लाईन गेली की माझा जुना लॅपटॉप चाळीस मिनिटांत मान टाकतो. हा मात्र सकाळी चार्ज केला तर संध्याकाळपर्यंत कटिंग करत राहिला. शिवाय पंखा नाही म्हणजे आत हवा ओढणंच नाही. आमच्या घरामागे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना आहे. जुन्याच्या पंख्यात रुईची तूस आणि धूळ बसून तो दोनदा बंद पडलाय.

पण लग्नाचा हंगाम असतो एप्रिल-मे मध्ये. माहितीपत्रकात लिहिलंय, भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश असावं. आमच्या टिनाच्या खोलीत दुपारी दोनला काटा ४१ वर होता. तासाभराचा व्हिडिओ एक्स्पोर्टला, म्हणजे एडिटिंग झाल्यावर शेवटची फाईल बनवायला लावला. थोड्या वेळानं लॅपटॉपचा खालचा पत्रा हात ठेववेना इतका तापला आणि काम रेंगाळलं. आतली उष्णता बाहेर फेकायला पंखा नसला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, नाहीतर जळेल. तोच व्हिडिओ पहाटे चारला लावला, तर जवळपास निम्म्या वेळात झाला.

मेमरी कार्डाची खाच नाही, म्हणजे कार्ड लावायचा जोड वेगळा घ्यायचा आणि वरातीच्या गर्दीत सांभाळायचा. रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, बोर्डावरच पक्की बसवलेली, पुढे वाढवता येत नाही. माझं काम दरवर्षी जड होत चाललंय. गिऱ्हाईक आता फोर-के, म्हणजे जास्त बारकाव्याचा आणि जड व्हिडिओ मागतात.

भाऊ ऑफिसात एसीत बसून लिहितो, त्याच्यासाठी हा लॅपटॉप सोन्यासारखा आहे. मला दोन किलोचा, दोन पंख्यांचा, रॅमची एक खाच रिकामी असलेला हवा. तसा यवतमाळात पाहून आलो, ६८,००० ला. नऊ क्विंटल आणि वर थोडं. उरलेल्या पैशात इन्व्हर्टरची नवी बॅटरी येते.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दिवाळीनंतर पयल्या वेच्याचे पैसे येतीन, तवा घे." तोवर एक्स्पोर्ट पहाटे चारला.